चराई, डोंगरी (खानदेश)

सातपुडा व सह्याद्रीच्या खानदेशातील उतारांवर गुरे चारण्याची रीत, आणि तिला शिस्त लावून गवत व रान पुन्हा उभे करण्याचे गावकऱ्यांचे प्रयत्न.

गवत : पवन्या, मारवेल व शेडा ही येथील चांगली चाराऊ गवते. कुसळी कोवळी असेतो गुरे खातात. कुसळे धरल्यावर तोंड लावत नाहीत. पहिल्या पावसातच गुरे सोडली, तर पवन्या-मारवेलला बी धरायला सवड मिळत नाही, आणि कुसळी व घाणेरी माजते. उलट चराई आणि कापणी दोन्ही थांबली, की वाळके गवत साचून वणव्याला सरपण होते. बी पडल्यानंतरची बेताची चराई म्हणून हितकर मानतात. बेताची म्हणजे किती गुरांची, यावर एकमत नाही.

जनावरे : तापी खिल्लार हा खिल्लार गुरांचा खानदेशी प्रकार. रंग पांढरा, नाक व खूर गाजरी. पूर्वी ठेलारी हा पशुपालक समाज तो पाळत असे. आज धुळे जिल्ह्यातील ठेलारी मुख्यतः मेंढपाळ असून शेतात मेंढ्या बसवून खत देतात.

बारीपाडा (ता. साक्री, जि. धुळे) : कोकणा आदिवासींचे गाव. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने व वनवासी कल्याण आश्रमाच्या साहाय्याने १९९० च्या दशकाच्या आरंभी गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी स्वतःहून लागू केली. सुमारे १,१०० एकर वन राखले गेले. कुऱ्हाडबंदीचे कौतुक अधिक होते. परंतु मुळांतून फुटणारे कोंब गुरांच्या तोंडातून वाचले नसते, तर नुसती कुऱ्हाड रोखून रान दाटले नसते. येथे २००४ पासून वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

रानपिंगळा : १८८४ नंतर न दिसलेला हा पक्षी १९९७ मध्ये शहाद्याजवळ (तेव्हा धुळे जिल्हा) पुन्हा आढळला. तो विरळ सागवनात राहतो व जमिनीवरचे सरडे, उंदीर टिपतो. गच्च झाडोरा हेच संवर्धनाचे एकमेव माप धरणे त्यामुळे चूक ठरते.

जळगाव : यावल अभयारण्यात (१९६९) चराईवर वन्यजीव कायद्यानुसार वनखात्याचे नियंत्रण आहे.

कायदा : वनहक्क कायदा, २००६ याने स्थायिक व भटक्या अशा दोन्ही पशुपालकांची चराई सामुदायिक हक्कात धरली, आणि सामूहिक वन राखण्याचा अधिकारही मान्य केला. ठेलाऱ्यांना वगळून ग्रामसभेने आखलेला चराईचा आराखडा या कायद्याच्या दृष्टीने अपुराच होय.