पायांखालचा साग : कडीपाटाची कुळकथा

आपल्या मंडळाच्या चिटणिसांनी यंदाच्या स्मरणिकेसाठी ज्ञातीच्या परंपरागत व्यवसायासंबंधी काही इतिहासपर मजकूर लिहून द्यावा, असा आग्रह धरिला. प्रस्तुत लेखक इतिहाससंशोधक नव्हे. सारा जन्म प्राथमिक शाळेत मुलांना पाढे आणि सनावळ्या शिकविण्यात गेला. तथापि सुताराच्या घरी जन्म झाल्यामुळे रंध्याचा आवाज कानांत आहे, आणि सेवानिवृत्तीनंतर स्वतःच्या माडीवर लाकडी जमीन घालताना जी फजिती झाली, तिने या विषयाकडे नव्याने पाहावयास लाविले. त्या फजितीची हकीकत पुढे येईलच. आधी इतिहास.

आपल्याकडे लाकडाची जमीन ही माडीची जमीन होय. तळमजल्यावर शेणाने सारवलेली भुई असे, किंवा ऐपत असल्यास दगडी फरशी असे. कारण मातीला टेकलेल्या फळीला ओल लागते आणि ओलीच्या मागोमाग वाळवी येते. माडीची गोष्ट वेगळी. भिंतींवर वा खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या आणि कड्यांवर पाट म्हणजे फळ्या, अशी रचना असे. तिलाच कडीपाट म्हणतात. खालून पाहणाऱ्यास ते छत, वर चालणाऱ्यास ती जमीन. पुष्कळ घरांत पाटांवर मातीचा वा चुन्याचा थर देऊन वर सारवीत. जेथे फळ्या उघड्याच ठेवून त्यांची एकसंध जोडणी करीत, तेथे त्या कामास तक्तपोशी म्हणत. असे काम करणाऱ्याच्या हाताची परीक्षा होई. कारण मातीखाली दोष झाकता येतो, उघड्या फळीत तो रोज पायाला लागतो.

पेशवाईतील वाड्यांनी ही कला भरास आणिली. पहिल्या बाजीरावांनी शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. खर्च रुपये १६,११०. दगड चिंचवडच्या खाणींतला, चुना जेजुरीचा आणि साग जुन्नरच्या रानांतला. लाकूड हा त्या वास्तूचा प्राण होता, आणि पुढे तोच तिचा काळही ठरला. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेली आग सात दिवस धुमसत राहिली आणि आतील मजले भस्मसात झाले. आज तेथे जोती पाहावयास मिळतात. ज्या जमिनींवरून पेशवाईची खलबते गेली, त्या जमिनी नाहीत. दुसऱ्या बाजीरावांचा १८०७ चा विश्रामबागवाडा आणि वाईजवळ मेणवलीस असलेला नाना फडणिसांचा वाडा यांवरून त्या कामाची कल्पना अद्याप करता येते. पुण्याच्या साध्या गृहस्थांचे कडीपाटी वाडेही शेकड्यांनी होते. त्यांतील कित्येक १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या प्रलयात बसले, आणि उरलेले नव्या इमारतींसाठी एकामागून एक उतरविले जात आहेत.

साग केवळ घराची जमीन झाला असे नव्हे. तो जहाजाचीही जमीन झाला. १७३६ साली सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया यांस कंपनी सरकारने मुंबईस आणिले आणि तेथे गोदीचा उद्योग वाढीस लागला. त्यांच्या घराण्याने मलबारी सागाची जहाजे बांधिली. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे लढाऊ गलबत १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात सोडण्यात आले, ते इंग्लंडात हार्टलपूल येथे दोनशेहून अधिक वर्षांनंतरही तरंगत आहे. सागात स्वभावतःच तेल असते. त्यामुळे पाणी लवकर शिरत नाही, किडीचा उपद्रव कमी होतो, आणि ओकप्रमाणे त्याच्या संगतीत लोखंडी खिळा गंजून जात नाही. वाडियांचे नाव इतिहासात राहिले ते योग्यच झाले. परंतु ज्या सुतारांनी त्या फळ्या एकेक करून सांधल्या, त्यांची नावे आपणांपैकी कोणास सांगता येतील काय?

या गुणांपायीच सागाच्या वाट्याला राजकारण आले. १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन याची मलबारच्या जंगलांवर नेमणूक होऊन सागावर कंपनीची मक्तेदारी बसली. तिचा जाच लोकांस असह्य झाला व १८२३ मध्ये ती उठवावी लागली. १८४२ मध्ये डांगच्या भिल्ल राजांकडून लाकूडतोडीचे पट्टे घेण्यात आले. त्या राजांच्या वंशजांस सालाना देण्याचा दरबार आहवा येथे होळीच्या सुमारास आजही भरतो. मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्या हाताखाली वनखाते उभे राहिले. पुढे १८६५ व १८७८ चे वनकायदे झाले. जंगल राखणे अवश्य होते, हे कोणीही मान्य करील. परंतु ज्या रानातून गावकरी नांगराचे लाकूड आणीत, त्याच रानात तो एकाएकी चोर ठरला, हेही विसरता येत नाही.

जवळचा साग अपुरा पडू लागला तेव्हा दृष्टी ब्रह्मदेशाकडे वळली. १८५२ च्या युद्धात पेगू प्रांत इंग्रजांच्या हाती आला आणि १८५६ मध्ये डीट्रिख ब्रँडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ तेथील सागाच्या रानांवर आला. तेथील पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे. ओला साग पाण्यात बुडतो. म्हणून निवडलेल्या झाडाच्या बुंध्याभोवती खोल वर्तुळाकार खाच पाडून ते दोन-तीन वर्षे उभ्यानेच वाळू देत, मग तोडीत. हत्ती ओंडके नदीपर्यंत ओढीत आणि पुराच्या पाण्यावर ते बंदराकडे निघत. झाड उभे असतानाच त्याची सुकवणी सुरू होई.

१८६३ मध्ये मुंबईत बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी निघाली. तिने ओंडके कमी दाखवून राजाचा महसूल बुडविला, असा ठपका ठेवून मंडालेच्या दरबाराने १८८५ मध्ये तिला सुमारे २३ लक्ष रुपये दंड ठोठावला. फ्रेंचांचे तेथे वाढते वजन इंग्रजांस खुपत होतेच. दंडाचे निमित्त पुरले. नोव्हेंबरात युद्ध झाले आणि महिना संपण्यापूर्वी मंडाले पडले. राजा थिबा यास बंदिवान करून प्रथम मद्रासेस व एप्रिल १८८६ मध्ये आपल्या रत्नागिरीस आणण्यात आले. १९१० मध्ये तेथे त्याच्यासाठी राजवाडा पुरा झाला आणि डिसेंबर १९१६ मध्ये तेथेच त्याचा अंत झाला. थिबा पॅलेसच्या अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्या पाहावयास सहली येतात. मीही माझ्या वर्गाची मुले घेऊन एकदा गेलो होतो. त्या वेळी मुलांस राजाची गोष्ट सांगितली. सागाची सांगितली नाही, कारण ती मलाच ठाऊक नव्हती. मुंबईच्या जुन्या इमारतींतील ‘बर्मा साग’ आपण मोठ्या अभिमानाने दाखवितो. त्या व्यापाराच्या हिशेबात एका राजाचे राज्य खर्ची पडले आहे.

आता माझी फजिती. निवृत्तीनंतर मी घरावर एक खोली चढविली. वडील नामांकित सुतार होते. मी शिकलो, मास्तर झालो आणि हत्यारे माळ्यावर गेली. वडिलांची आठवण म्हणून त्या खोलीस सागवानी जमीन करावी असे मनाने घेतले. सिमेंटच्या स्लॅबवर लाकडी पट्ट्या ठोकून त्यांवर सहा इंची फळ्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत, नख शिरणार नाही अशा घट्ट बसवून घेतल्या. महिना वैशाखाचा. पाहुण्यांनी वाहवा केली. श्रावणात मात्र जमीन मधोमध चार बोटे वर उचलली गेली आणि खोलीत उपडी होडी ठेवावी तसे दिसू लागले.

गावाहून थोरले चुलत बंधू आबा आले. ऐंशीच्या घरात आहेत, पण डोळा अजून ओळंब्यासारखा सरळ. त्यांनी गुडघे टेकून भिंतीकडची फळी पाहिली आणि म्हणाले, “मास्तर, रेल्वेच्या रुळांत फट कशासाठी ठेवतात, ते तू पोरांना शिकवलंस ना? मग लाकडाला तेवढी जागा द्यायची कशी विसरलास?”

मी त्या रात्री वहीत हिशेब मांडला. दहा फूट रुंदीच्या खोलीत सहा इंची वीस फळ्या बसतात. उन्हाळ्यातून पावसाळ्यात जाताना प्रत्येक फळी इंचाचा केवळ सोळावा हिस्सा फुगली, तरी वीस फळ्यांचा सव्वा इंच होतो. तो सव्वा इंच कोठे जाणार? भिंत हलत नाही. म्हणून जमीन उठते. तिसरी-चौथीच्या मुलांना घालावे असे हे गणित. पण ते मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी सुटले.

आबांनी जमीन उकलून पुन्हा घातली. त्या वेळी त्यांच्याकडून जे शिकलो, ते ज्यांस असे काम करावयाचे असेल त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून नमूद करितो.

फळी निवडताना प्रथम गाभा पाहावा. सालीलगतचे फिकट लाकूड कीड लवकर धरते. गाभ्याचे सोनेरी-तपकिरी लाकूडच टिकते. लागवडीच्या, वीस-पंचवीस वर्षांत तोडलेल्या परदेशी सागात हा फिकट भाग पुष्कळ असतो. आपल्या चांदा-आलापल्लीकडील रानातला साग मिळाल्यास उत्तम. ब्रह्मदेशाने तर गोल ओंडक्यांची निर्यात १ एप्रिल २०१४ पासून बंद केली. दुसरे, फळीच्या टोकाकडील वर्तुळरेषा पाहाव्यात. त्या उभ्या असल्या तर फळी रुंदीत कमी हलते. आडव्या असल्या तर जवळजवळ दुप्पट. लांबीत मात्र लाकूड नाममात्रच बदलते. म्हणून अरुंद फळ्या आणि उभ्या रेषा हे बरे.

तिसरे, सुकवणी. जाडीच्या प्रत्येक इंचास एक वर्ष वारा द्यावा, हा जुना अडाखा. हल्ली ओल मोजण्याचे यंत्र मिळते. शेकडा बाराच्या आसपास ओल असावी. फळ्या त्याच खोलीत मधे पट्ट्या घालून दोन-तीन आठवडे रचून ठेवाव्यात आणि भर उन्हाळा व भर पाऊस टाळून, कार्तिक-मार्गशीर्षात काम धरावे. नव्या स्लॅबची ओल पुरी जाईपर्यंत हातच लावू नये.

बसविताना फळ्या कड्यांना काटकोनात घ्याव्यात. एका फळीच्या कडेस खाच व दुसरीच्या कडेस तीत बसणारी जीभ असावी. खिळा त्या जिभेतून तिरपा मारावा, म्हणजे डोके झाकले जाते आणि फळीस हलावयास वाव राहतो. टोकांचे सांधे एका ओळीत येऊ देऊ नयेत. चारी भिंतींशी अर्धा-पाऊण इंच फट सोडावी. भिंतीलगतची पट्टी ती झाकते, परंतु ती पट्टी भिंतीस ठोकावी, जमिनीस नव्हे. फळ्यांखाली वारा खेळू द्यावा. शेवटी रंधा मारून जवसाचे तेल मुरवावे. ही जमीन धुवावयाची नसते; ओला फडका पिळून पुसावयाची असते.

नव्या जमिनीसाठी निम्म्या फळ्या नव्याने घ्याव्या लागल्या. आबांनी त्या एका उतरविलेल्या वाड्याच्या ढिगातून निवडल्या. खिळे काढून पृष्ठभाग तासल्यावर आत लाकूड जसेच्या तसे निघाले. त्यातील एका फळीच्या पालथ्या बाजूस सुताराने जोडणीसाठी कोरलेली खूण होती, तीन आडव्या रेघा. आबांनी तीवर रंधा फिरविला नाही. ती फळी खूण खाली ठेवून दारापाशीच बसविली आहे.

ज्ञातिबांधवहो, बारा बलुत्यांत आपले स्थान होते, ते या हातांमुळे. आपण शिकलो, नोकऱ्यांस लागलो, हे इष्टच झाले, आणि मी स्वतः त्याचे फळ भोगिले आहे. परंतु आबांच्या तिघा मुलांपैकी रंधा कोणाच्याही हाती नाही, आणि माझ्या हाती तर तो कधी आलाच नाही. वाडे उतरविले जात असताना जुने पाट मोडीच्या भावाने जातात आणि नव्या सदनिकांत लाकडाचे चित्र छापलेल्या पातळ पट्ट्या चिकटविल्या जातात, हे पाहून खेद होतो. मंडळाने दोन गोष्टी कराव्यात अशी नम्र सूचना आहे. ज्ञातीतील वृद्ध कारागिरांनी कोठे, कोणते घर बांधले याची नोंदवही त्यांच्या हयातीतच करावी. आणि गावोगावी वाडा उतरत असल्याचे कळल्यास तेथील सुस्थितीतील पाट गरजू बांधवांस मिळावेत, अशी व्यवस्था करावी.

गोदीतल्या सुतारांची नावे आपण गमाविली. निदान आबांच्या पिढीची तरी गमावू नयेत. माझ्या खोलीची जमीन तीन पावसाळे सपाट राहिली आहे, ती आबांच्या हातची आहे, आणि नोंदवहीतील पहिली ओळ मी त्यांच्या नावाने लिहून ठेविली आहे.