चौकटीवर ताणलेली शाल: शेटलंडच्या लेसवरचा शेवटचा हात आणि त्याचे मोल

१/ सुयांवरून नुकतीच उतरलेली लोकरी लेसची शाल पाहून तिच्या मोलाची कल्पना येत नाही. महिनोन्‌महिने खपून विणलेले ते वस्त्र आखडलेल्या, चुरगळलेल्या फडक्यासारखे दिसते. जाळीची छिद्रे मिटलेली असतात, काठाची टोके मुडपलेली असतात. शाल धुऊन, ओली असतानाच ताणून, त्याच ताणात वाळवली की नक्षी उलगडते. आज जगभर या क्रियेला ‘ब्लॉकिंग’ म्हणतात. शेटलंड बेटांवर तिचे नाव होते ‘ड्रेसिंग’. शालीवरच्या या शेवटच्या हाताचा आणि तो फिरवणाऱ्या स्त्रियांच्या मजुरीचा हा इतिहास.

२/ शेटलंड हा स्कॉटलंडच्या मुख्य भूमीच्या उत्तरेकडचा द्वीपसमूह. जमीन नापीक, झाडे जवळजवळ नाहीत, वारा अखंड. पुरुष मासेमारीसाठी समुद्रावर आणि स्त्रिया शेत, गुरे, जळण व विणकाम यांत गुंतलेल्या, अशी तेथील घराची रचना होती. यांपैकी सर्वांत उत्तरेकडचे वस्ती असलेले बेट म्हणजे अन्स्ट. अतिशय तलम लेससाठी त्याचीच कीर्ती झाली.

३/ या कीर्तीचे मूळ तेथील लहानखुऱ्या मेंढीत आहे. तिच्या मानेभोवतीची लोकर विलक्षण मऊ असते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती आपोआप सुटू लागते, तेव्हा कात्री न लावता हातानेच उपटून घेत. घरच्या चरख्यावर तिचे केसासारखे बारीक सूत निघे. अशा सुताची सुमारे सहा फूट चौरस शाल वजनाने शंभर ग्रॅमच्या आत बसे आणि लग्नाच्या अंगठीतून आरपार ओढता येई. काश्मीरच्या शाहतूशविषयी आपल्याकडे जे सांगतात, तेच या ‘रिंग शाली’विषयी तिकडे सांगितले जाते.

४/ ही लेस फार प्राचीन नव्हे. मोजे व हातमोजे शेटलंडमध्ये शतकानुशतके विणले जात होते. जाळीदार शालींचा व्यापार मात्र १८३० च्या दशकानंतर वाढला. मुंबईच्या बंदराला पुढे परिचित झालेल्या पी. अँड ओ. या आगबोट कंपनीचे एक संस्थापक आर्थर अँडरसन हे शेटलंडचेच. १८३७ मध्ये त्यांनी राणी व्हिक्टोरियाला तेथील तलम मोजे भेट दिले. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनातही शेटलंडचे विणकाम मांडले गेले. दूरच्या शहरांतील श्रीमंत घरांत या शालींना मागणी आली.

५/ मागणी होती ती पांढऱ्याशुभ्र, रेखीव शालीला. विणली जात होती ती मात्र धुराने भरलेल्या घरांत. चुलीत पीट, म्हणजे दलदलीत साचलेल्या वनस्पतिजन्य मातीच्या वाळवलेल्या विटा, जळत असे. कातताना लोकरीला तेलही लावलेले असे. साहजिकच तयार शाल काळवंडलेली व किंचित तेलकट असे. म्हणून ड्रेसिंगची पहिली पायरी म्हणजे धुणे. कोमट पाणी, सौम्य साबण आणि हलका हात. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. जोराने चोळले किंवा गरम-गार पाण्याचा धक्का दिला, तर ते एकमेकांत अडकतात आणि जाळीचा नमदा होतो. एकदा असे झाले की उपाय नाही.

६/ दुसरी पायरी गंधकाच्या धुरीची. बंद पिंपात तळाशी निखाऱ्यांवर गंधक जाळीत आणि वर ओली शाल टांगून ठेवीत. गंधकाच्या वायूने लोकरीचा पिवळसरपणा जाऊन ती शुभ्र होई. हा शुभ्रपणा कायमचा नसे. काळाच्या ओघात पिवळी झाक परत येई.

७/ तिसरी पायरी ताणण्याची, आणि खरे कौशल्य येथे लागे. काठाच्या प्रत्येक टोकातून एक दोरा ओवून घेत. मग खुंट्या असलेल्या मोठ्या लाकडी चौकटीवर तो दोरा अडकवून शाल चारही बाजूंनी सारखी ओढीत. चौकट नसेल तर स्वच्छ गवतावर खुंट्या ठोकून शाल पसरीत. एक बाजू बोटभर जरी अधिक ओढली गेली, तर मधली नक्षी तिरकी होई. ताण कमी पडला तर जाळी उघडत नसे. फार झाला तर एखादा टाका तुटे आणि महिन्यांची मेहनत तेथून उसवू लागे.

८/ ताणून वाळवल्याने आकार टिकतो तो कशामुळे? सुती लुगड्याला कांजी द्यावी लागते. लोकरीला तसे काही लागत नाही. लोकर केराटिन या प्रथिनाची बनलेली असते. त्याच्या नागमोडी साखळ्यांना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात. त्या अवस्थेत तंतू ताणला आणि तसाच सुकू दिला, की बंध नव्या जागी पुन्हा जुळतात. लोकरीचा तंतू ताणल्यावर त्याच्या रेणूंची रचनाच बदलते, हे लीड्स येथील विल्यम अ‍ॅस्टबरी यांनी १९३० च्या दशकात क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवले.

९/ याचा अनुभव घरोघरी असतो. ओल्या केसांची घट्ट वेणी घालून झोपले की सकाळी केसांना लाटा पडलेल्या दिसतात आणि पुढच्या न्हाण्याला त्या जातात. केसही केराटिनचेच. शालीचे तसेच आहे. ती पुन्हा भिजली की घेतलेला आकार सोडते; म्हणून प्रत्येक धुण्यानंतर ड्रेसिंग पुन्हा करावे लागते. विणणे एकदाचे, ताणणे जन्मभराचे.

१०/ या कामाला बाजारातही वजन होते. न ताणलेल्या शालीतली चूक सहज दिसत नाही. चौकटीवर सुटलेला टाका, चुकलेली ओळ, सुताचा जाडबारीकपणा सारे उघडे पडते. शाल विकण्याजोगी होई ती येथेच. अनेक विणणाऱ्या हे काम घरीच करीत. पण लर्विक या मुख्य गावात शाली धुणे, दुरुस्त करणे आणि ताणणे हाच व्यवसाय असलेल्या स्त्रियाही होत्या. त्यांच्या कामाचे दाम वेगळे द्यावे लागे.

११/ आणि दाम द्यायला रोकड कोठून आणायची? शेटलंडमध्ये ‘ट्रक’ पद्धत रूढ होती. या शब्दाचा मालमोटारीशी संबंध नाही. येथे त्याचा अर्थ कामाचा मोबदला पैशांऐवजी मालात देणे. स्त्री शाल घेऊन दुकानदाराकडे जाई. तो तिला चहा, कापड असा दुकानातलाच माल देई. काही येणे शिल्लक राहिले, तर तेवढ्याची चिठ्ठी मिळे. घरात पीठ नसले, तर हाती आलेला चहा किंवा ती चिठ्ठी कमी भावाने दुसऱ्याला देऊन पिठाची सोय करावी लागे.

१२/ ब्रिटिश सरकारने या पद्धतीची चौकशी केली. १८७२ च्या आरंभी आयुक्त विल्यम गथ्री यांनी शेटलंडमध्ये साक्षी नोंदवल्या. कोळी व व्यापाऱ्यांबरोबर विणणाऱ्या स्त्रियाही साक्षीला आल्या. काय विणले, किती दिवस लागले, काय मिळाले आणि पैसे मागितल्यावर काय उत्तर मिळाले, हे त्यांनी सांगितले. त्या प्रश्नोत्तरांमुळेच या कामाचा हिशोब आज वाचता येतो.

१३/ १८८७ च्या सुधारित ट्रक कायद्याने पाच पौंडांखालील किमतीच्या, घरी विणलेल्या लोकरी वस्तूंनाही संरक्षण दिले. मोबदला चलनात द्यावा, हा नियम कागदावर आला. दूरच्या बेटांवर दुकानदार एकच आणि गिऱ्हाईक दूर, म्हणून जुनी रीत लगेच मोडली नाही. विसाव्या शतकातही ती रेंगाळत राहिली.

१४/ शाल ताणण्याची गरज एकट्या शेटलंडची नव्हे. रशियातील ओरेनबुर्गच्या बकरीच्या लोकरीच्या शाली आणि एस्टोनियातील हापसालूच्या शालीही चौकटीवरच ताणल्या जातात. जाळीदार लोकर जेथे आहे, तेथे चौकट आहे.

१५/ आज घरी लेस विणणारे लोक चौकटीऐवजी न गंजणाऱ्या तारा, टाचण्या आणि फोमच्या चटया वापरतात. क्रम मात्र तोच. शाल अर्धा तास भिजवावी, न पिळता पंचात गुंडाळून पाणी टिपून घ्यावे, मधून कडेकडे ओढत समोरासमोरची टोके जोडीने टाचावीत आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नये. घाईने टाचण्या काढल्या तर काठ पुन्हा मुडपतो.

१६/ संग्रहालयात अशी जुनी शाल पाहताना नजर नक्षीवर जाते. अशा कित्येक शालींसोबत विणणारीचे नाव उरलेले नाही. काठाच्या टोकांकडे मात्र जरूर पाहावे. ती सारख्या अंतरावर, सरळ उभी असतील, तर कोणीतरी प्रत्येक टोकातून दोरा ओवून, चारही बाजू मोजून, शाल वाळेपर्यंत तिच्याकडे लक्ष ठेवले होते. दुकानदाराच्या वहीत त्या दिवसासमोर बहुधा चहाची पुडी लिहिलेली असेल.