मरळ
मरळ (चॅना स्ट्रायाटा) : गोड्या पाण्यातील मांसाहारी मत्स्य. तळी, दलदली व भातखाचरे येथे वास करणारा हा मासा पाणवनस्पतींच्या आडोशाला निश्चल दबा धरतो आणि भक्ष्य टप्प्यात येताच झेपावून गिळतो. आईबापांच्या पहाऱ्यात थव्याने फिरणारी तांबूस पिले प्राणिप्लवकांवर, वाढती पिले कीटक व लहान झिंग्यांवर, तर प्रौढ मरळ मुख्यत्वे मासे व बेडूक यांवर उपजीविका करते. उन्हाळ्यात डबकी आटू लागली, की पृष्ठभागावरील हवा घेऊन आणि अखेर ओल्या चिखलात दडून, शरीरातील मेदावर निर्वाह करीत ती तग धरते. पावसाळ्यात पाणी खाचरांत पसरताच तिच्या शिकारीची हद्दही विस्तारते. मोठी पिले लहानांना खातात. म्हणून संवर्धनतलावात आकारानुसार त्यांची प्रतवारी करणे अगत्याचे असते.