मुळशी आणि ‘हितसंबंधी’ ही संज्ञा

१९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांस मिळू लागली. पुढे टाटांच्या कंपनीने मुळशीस धरण योजिले. गिरण्यांस स्वस्त वीज हवी होती. मावळातील शेतकऱ्यांस आपली भातखाचरे राखावयाची होती. परंतु १८९४ च्या भूसंपादन कायद्यात ‘हितसंबंधी’ या संज्ञेची व्याख्या मोबदल्यावर हक्क सांगणाऱ्यांना धरून केलेली आढळते. ‘मोबदला नको, जमीन हवी’ असे म्हणणाऱ्याची गरज या व्याख्येत कोठे बसवावयाची? (शब्दार्थाचा प्रश्न येथे पोटाचा होतो.) १९२१ च्या रामनवमीस मुळशी सत्याग्रहास प्रारंभ झाला; पुढे सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. संपादनासच हरकत घेण्याची तरतूद, कलम ५-अ, कायद्यात १९२३ साली आली. मुळशीचे काम त्यापूर्वीच हाती घेतले गेले होते.