चार बाइटांत मावलेला खेळ

‘डूम’ सुरू करून कीबोर्डला हात न लावता बसून राहिलं, की थोड्या वेळाने गेम आपला आपणच खेळायला लागतो. टेक्सासमधल्या आयडी सॉफ्टवेअरने १० डिसेंबर १९९३ रोजी तो सोडला तेव्हापासून हे असंच चालतं. बघणाऱ्याला वाटतं, आत चित्रफीत साठवलेली असणार. त्या काळच्या पीसीत तेवढी जागा कुठून असणार? आत होत्या ‘डेमो’ नावाच्या इवल्याशा नोंदी. आजच्या रिप्लेच्या घराण्यातलं हे जुनं, गाजलेलं नाव.

डेमोत चित्र नसतं, आवाज नसतो, राक्षस कुठे उभे आहेत हेही नसतं. असतात त्या फक्त खेळाडूने दिलेल्या आज्ञा. डूम सेकंदाचे ३५ भाग पाडतो आणि प्रत्येक भागासाठी चार बाइट लिहितो: खेळाडू पुढे-मागे किती गेला, बाजूला किती सरकला, किती वळला आणि कोणती बटणं दाबली. मिनिटभराचा खेळ ८,४०० बाइटांत बसतो, १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर दोन तास सहज मावत. आवृत्ती १.९च्या डेमोत सुरुवातीच्या १३ बाइटांत गेमची आवृत्ती, काठिण्यपातळी, नकाशा वगैरे तपशील असतात. पहिलाच बाइट १०९ असतो. आज्ञांच्या जागी १२८ हा आकडा आला, की डेमो संपला.

मग राक्षस दर वेळी तसेच कसे वागतात? कारण डूममधलं नशीब आधीच लिहून ठेवलेलं आहे. गेममध्ये २५६ आकड्यांचा एक ठरलेला तक्ता आहे. गोळीने किती इजा व्हावी, राक्षसाने कधी हल्ला करावा, हे ठरवताना गेम त्यातला पुढचा आकडा उचलतो, आणि नवा खेळ सुरू झाला की तक्ता पहिल्यापासून. त्याच आज्ञा, तेच आकडे, म्हणून तीच लढाई. डेमो म्हणजे गाण्याचं ध्वनिमुद्रण नव्हे, स्वरलिपी. गायला गवई लागतोच, आणि इथे तर अगदी तोच गवई लागतो.

मेख आहे ती इथेच. गेमची आवृत्ती बदलली, एखादा राक्षस क्षणभर उशिरा वळला, की तिथून पुढचं सगळं बिनसतं. नोंदलेला शूरवीर भिंतीवर डोकं आपटत राहतो आणि रिकाम्या जागी गोळ्या झाडतो. हे दृश्य मोठं विनोदी असतं. डेमो आपला नसेल तर.

१९९४ पासून चाहते सर्वांत जलद खेळांचे डेमो गोळा करू लागले. ‘कॉम्पेट-एन’ हा त्यातला नामांकित संग्रह. डिसेंबर १९९७ मध्ये डूमचा सोर्स कोड खुला झाला आणि गेमची नवनवी रूपं निघाली. पण जुने विक्रम बघायचे तर मूळच्या चुकाही जशाच्या तशा ठेवणं भाग होतं. त्यांतल्या ‘चॉकलेट डूम’ने तर हेच व्रत घेतलं. एरवी प्रोग्रामर चुका काढायला बसतात. इथे त्या जपायला बसले.

१९९६ च्या ‘क्वेक’ या गेमने वेगळी वाट धरली. त्याच्या डेमोत सर्व्हरने धाडलेले निरोप असतात: कोण कुठे आहे, काय फुटलं. फाइल फुगते, पण लढाई पुन्हा लढावी लागत नाही आणि कॅमेराही हलवता येतो. उवे गिर्लिख या जर्मन माणसाने या फाइलींची रचना उलगडून लिहिली आणि ‘एलएमपीसी’ हे साधन केलं. त्याने डेमोचा वाचता येईल असा मजकूर होतो, आणि तो दुरुस्त करून पुन्हा डेमो बांधता येतो. त्याच वर्षी ‘रेंजर्स’ या चमूने क्वेकच्या डेमोतून ‘डायरी ऑफ अ कॅम्पर’ हा छोटा चित्रपट केला. गेममधून सिनेमा करण्याची परंपरा तिथून धरतात.

डूमच्या डेमोचा व्हिडिओ करायचा तर आजही गेम चालवून चित्र टिपावं लागतं, दुसरा मार्ग नाही. व्हिडिओवरून डेमो मात्र परत मिळत नाही. म्हणून जुने रिप्ले जवळ असतील तर व्हिडिओ काढल्यावरही मूळ फाइल पुसू नका, आणि ती गेमच्या कोणत्या आवृत्तीवर नोंदली ते शेजारी लिहून ठेवा.