गोष्ट वेगळी, बोध वेगळा

कथेचा सारांश लिहा म्हटलं, की आपल्या कोल्हापुरातली मुलं दोन ओळींत 'यावरून बोध असा' लिहून मोकळी होतात. मी तत्त्वज्ञान शिकवणारा. मलाही बोधच प्रिय. एका मुलीनं घटना नीट क्रमानं लिहिल्या, तात्पर्य लिहिलं नाही, म्हणून मी तिचे गुण कापले. चूक माझी होती.

ती कळली 'दृष्टान्तपाठ' वाचताना. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी सांगितलेले ११४ दृष्टान्त केसोबासांनी त्यात एकत्र केले. मांडणी तीन भागांची: सूत्र म्हणजे स्वामींचं वचन, दृष्टान्त म्हणजे गोष्ट, आणि दार्ष्टान्तिक म्हणजे त्या गोष्टीचा उलगडलेला अर्थ. हत्ती चाचपणाऱ्या जन्मांधांचंच पाहा. पाय हाती लागला तो म्हणतो खांब, कान हाती लागला तो म्हणतो सूप. ही झाली गोष्ट, अगदी थोडक्यात. माणसाचं ज्ञान कसं अपुरं, हा विचार मात्र निराळा ठेवलाय. केसोबासांनी दोन्हींची सरमिसळ केली नाही.

वर्गात सारांश लिहिताना हेच करावं. कोण होतं, काय घडलं, कशामुळं घडलं, शेवट काय झाला, एवढं आपल्या शब्दांत लिहा. अर्थ विचारला असेल, तर तो वेगळ्या परिच्छेदात. कारण गोष्ट समोर जशीच्या तशी असेल, तरच दुसरा म्हणू शकतो, 'सर, मला यातून वेगळंच दिसतं.' त्या मुलीनं माझ्यासाठी ती जागा मोकळी ठेवली होती. मला ती दिसली नाही.