दानावर उभं राहिलेलं औषध
आरएच-निगेटिव्ह आईचं शरीर आरएच-पॉझिटिव्ह बाळाच्या तांबड्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं आणि मग पुढच्या बाळाच्या जिवावर बेततं. लिव्हरपूल आणि न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी १९६०च्या दशकात त्यावर अँटी-डी इंजेक्शन सिद्ध केलं. अमेरिकेत १९६८ मध्ये त्याला परवानगी मिळाली. श्रेय प्रयोगशाळेला मिळतं, ते रास्तच. पण हे औषध मुख्यतः माणसांच्याच रक्तद्रवातून काढावं लागतं, म्हणून त्याचा पुरवठा हा अर्थशास्त्राचाही प्रश्न आहे. ऑस्ट्रेलियात जेम्स हॅरिसन या दात्याने या औषधासाठी हजाराहून अधिक वेळा, मोबदल्याविना, रक्तद्रव दिला. रक्ताचा बाजार मांडला की दर्जा घसरतो आणि दानाची वृत्तीही आटते, असं ब्रिटिश समाजअभ्यासक रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये मांडलं. त्यावर अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी विचारलं, विकण्याची मुभा दिल्याने देणाऱ्याचं काय जातं? सवाल बिनतोड भासतो खरा. पण पैशासाठी येणाऱ्याला कावीळ लपवण्याचं कारण असतं, दात्याला ते नसतं. अर्थात 'स्वेच्छा' हा शब्दही जपूनच वापरायला हवा: न्यूयॉर्कच्या सुरुवातीच्या चाचण्या सिंग सिंग तुरुंगातल्या कैद्यांवर झाल्या, आणि कोठडीतली संमती कितपत मोकळी, हा प्रश्न टिटमस यांच्या बाजूच्यांनाही टाळता येत नाही.